पाऊणकीचा पाढा आणि शाळेची भिंत

शिक्षणाच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होते. शाळेत प्रवेश कोणाला मिळतो, हे पहिले अंग. शिक्षणाचे माध्यम कोणते, हे दुसरे. दोन्ही प्रश्न मूलभूत आहेत आणि समाजवादी चळवळीने ते सातत्याने लावून धरले, हे योग्यच झाले. परंतु प्रवेश मिळालेले मूल वर्गात बसल्यानंतर तेथे नेमके काय शिकते, गणिताच्या तासाला शिकलेले त्याला भूगोलाच्या तासाला उपयोगी पडते की नाही, आणि या दोहोंचा त्याच्या घराशी, गावाशी, आईबापांच्या श्रमाशी काही सांधा जुळतो की नाही, हा तिसरा प्रश्न आपण शिक्षणतज्ज्ञांवर सोपवून मोकळे झालो आहोत. वस्तुतः हाही समतेचाच प्रश्न आहे. त्याची मांडणी करण्यासाठी नव्या मुंबईतील करावे हे गाव आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती प्राथमिक शाळांची परंपरा, अशी दोन उदाहरणे येथे समोर ठेवावयाची आहेत.

करावे हे ठाण्याच्या खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर या पट्ट्यातील गावे पिढ्यान्‌पिढ्या जगली. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणे व तेव्हाचा कुलाबा या जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे बळी घेतले. प्रकल्पग्रस्तांना विकसित जमिनीत साडेबारा टक्के वाटा देण्याचे तत्त्व सरकारने मान्य केले ते त्यानंतर. आज गाव आणि खाडी यांच्यामधून पाम बीच मार्ग गेला आहे. व्यापारी जहाजांवरील अधिकारी घडविणारी 'टी. एस. चाणक्य' ही संस्था १९९३ पासून करावे येथेच उभी आहे. तिच्याजवळच्या पाणथळीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि ते पाहावयास शहरातून माणसे येतात. एका लहानशा गावाच्या परिघात निसर्ग, इतिहास, अर्थकारण आणि विज्ञान यांचे इतके धडे क्वचितच एकत्र सापडतील.

यांतील एकच धडा पाहू. भरतीची वेळ काढण्याचा एक हिशेब कोकणकिनाऱ्यावरील जाणती माणसे पिढीजात वापरीत आली आहेत. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. दशमीला साडेसात. पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्णपक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजावयाचे. घाटावरील वाचकाला हे नवल वाटेल, पण त्यात गूढ काही नाही. भरती रोज पन्नास मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. लोकांनी तोंडी हिशेबाच्या सोयीसाठी ती पाऊण तास धरली. जुन्या मराठी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. त्यांतील पाऊणकी किनाऱ्यावरच्या माणसाला रोज उपयोगी पडणारी होती.

आता या हिशेबात किती विषय आहेत ते पाहा. अपूर्णांकाचा गुणाकार आहे, म्हणजे गणित. चंद्राच्या कला आणि समुद्राचे पाणी यांचा संबंध आहे, म्हणजे विज्ञान. छापील वेळापत्रकातील वेळ आणि पाऊणकीने काढलेली वेळ यांत फरक का पडतो, खाडीच्या तोंडाशी भरती आधी आणि आतल्या बाजूस उशिरा का येते, हा भूगोल आहे. उधाण आणि भांग हे शब्द कोठून आले, ही भाषा आहे. आणि ज्या खाडीत ही भरती येते, तिच्या काठची जमीन कोणाची होती, ती कोणी कोणाकडून घेतली, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचे सांडपाणी कोठे गेले, मासळी का घटली, हे नागरिकशास्त्र आहे. आपल्या शाळांतून हे सारे शिकविले जात नाही असे नाही. चंद्राच्या कला एका इयत्तेत, अपूर्णांक दुसऱ्या पुस्तकात, ग्रामपंचायत तिसऱ्या धड्यात. एकत्र मात्र ते कधीच येत नाहीत. आणि एकत्र येत नाहीत म्हणून त्या मुलाच्या तोंडून 'का' हा प्रश्न निघत नाही. विषय सुटे ठेवले की उत्तरे पाठ करता येतात. विषय परस्परांना भिडले की प्रश्न उभे राहतात. म्हणून विषयांचा सांधा हा अध्यापनाच्या सोयीचा मामला आहे असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

हा विचार नवा नाही, आणि तो भरभक्कम शुल्क घेणाऱ्या शाळांत जन्मला, असेही नाही. महाराष्ट्रात त्याचे एक मूळ ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या साध्या, बहुतांशी मराठी शाळांत सापडते. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८१५ मध्ये त्यांनी पहिली शाळा काढली आणि १८२४ मध्ये मुलींची. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. तो लपविण्याचे कारण नाही आणि त्यांनीही तो लपविला नाही. परंतु ज्या काळी पंतोजींच्या शाळेची ओसरी अस्पृश्याच्या मुलाला बंद होती, त्या काळी या शाळांनी बाक सर्वांसाठी मांडला. स्कॉटिश मिशनच्या पुण्यातील शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी अहमदनगरला सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. मिशनऱ्यांकडून त्यांनी शाळा घेतली, धर्म घेतला नाही.

जोतीरावांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीने लिहिलेला, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचेच पत्र. आज तो निबंध आपण दलित स्त्रीच्या लेखनाचा आरंभबिंदू म्हणून गौरवितो, आणि ते उचितच आहे. पण शाळेच्या दृष्टीनेही त्याचा विचार व्हावा. चौदा वर्षांच्या आसपासची ती मुलगी शुद्धलेखनाचा किंवा निबंधलेखनाचा धडा गिरवीत नव्हती. भाषेच्या साधनाने ती आपल्या जातीचा इतिहास मांडीत होती, पेशवाईतील न्यायाचा ताळेबंद मागत होती, धर्मशास्त्राला प्रश्न विचारीत होती. भाषा, इतिहास, नीतिशास्त्र आणि स्वतःचे जगणे यांचा सांधा तिच्या लेखणीत जुळला होता. वर्गातील शिक्षण विषयांच्या सीमा ओलांडते म्हणजे काय होते, याचे याहून मोठे उदाहरण मराठीत शोधावे लागेल.

पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीरावांनी हीच दृष्टी अभ्यासक्रमाच्या भाषेत मांडली. मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे धडे, असा त्यांचा आराखडा होता. शेतीच्या धड्यांना जोडून शाळेजवळ एक लहानसे नमुन्याचे शेत असावे, असेही त्यांनी सुचविले. खेड्यातील शाळेचा अभ्यास शहरापेक्षा थोडा कमी असला तरी चालेल, पण तो व्यवहाराला कमी उपयोगी असू नये, हा त्यांचा आग्रह होता.

पंडिता रमाबाईंचे काम याच वाटेवरचे. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, तेथे फ्रोबेलची बालोद्यान पद्धती शिकल्या आणि मराठी मुलांसाठी पाठ्यपुस्तके तयार करण्याच्या खटपटीला लागल्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. ते पुढे पुण्यास गेले. तेथे धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये वादळ उठले आणि रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तो वाद आजही पुरता शमलेला नाही. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या, कोणीही वाली नसलेल्या मुलींना केडगावच्या मुक्ती सदनात जे शिक्षण मिळाले, त्याचे स्वरूप वादापलीकडे पाहण्याजोगे आहे. तेथे पुस्तकाबरोबर शेत होते, माग होता, तेलाची घाणी होती, छापखाना होता. अक्षर शिकलेली मुलगी तेच अक्षर खिळ्यांत जुळवीत होती. हाताचे काम आणि डोक्याचे काम यांत जातिव्यवस्थेने घातलेली हजारो वर्षांची फारकत एका ख्रिस्ती शाळेच्या आवारात काही प्रमाणात तरी मोडली गेली.

पंजाबातील मोगा येथे अमेरिकन मिशनच्या अध्यापक विद्यालयाने १९२० च्या दशकात प्रकल्प पद्धतीने खेड्यातील शाळा चालवून दाखविली: गावातील घर, दुकान, शेत हाच पाठ, आणि त्यातूनच वाचन व गणित. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने नई तालीमची योजना आखली. तिचा प्राण 'समवाय' या शब्दात होता. एका उद्योगाभोवती सर्व विषय गुंफावयाचे, ही ती कल्पना. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी जी शाळा उभी केली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच वर्ग नेला, तीही याच समवायाची जिवंत आवृत्ती होती.

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. कोळ्याच्या मुलाला भरती-ओहोटी शिकवा, शेतकऱ्याच्या मुलाला नांगर शिकवा, असे म्हणणे म्हणजे त्याला बापाच्या धंद्यात डांबून ठेवणे नव्हे काय? ही भीती निराधार नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी वडिलांचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला वंशपरंपरागत जातिशिक्षण म्हणून कडवा विरोध केला. राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि १९५४ मध्ये कामराजांनी योजना मागे घेतली. तो विरोध रास्त होता. परिसर हा शिक्षणाचा उंबरठा असला पाहिजे. त्याचे कुंपण झाले की शिक्षण संपले.

या दोहोंतील फरक ओळखण्याची कसोटी करावे गावातच उपलब्ध आहे. पाऊणकीने भरतीची वेळ काढणारे मूल तेथेच थांबले, तर ते फार तर होडी केव्हा सोडावी हे जाणेल. पण पाऊणकीचा हिशेब काही मिनिटांनी का चुकतो, हा प्रश्न त्याला पडला आणि शिक्षकाने तो पुढे नेला, तर ते खगोलशास्त्राच्या आणि नौकानयनाच्या दारात येऊन पोहोचते. त्या गावातील नौकानयनाच्या संस्थेत देशभरातून मुले येऊन जहाजाचे अधिकारी होतात. ज्यांच्या आजोबांनी खाडीचे पाणी वाचले, त्यांच्या नातवंडांना त्या फाटकापर्यंत नेणारा रस्ता प्राथमिक शाळेतून निघतो किंवा तेथेच बुजतो.

आता आजच्या ख्रिस्ती शाळांकडे वळू. नव्या मुंबईची उपनगरे वसत गेली, तशा वाशीपासून नेरुळपर्यंत ख्रिस्ती संस्थांच्या इंग्रजी शाळा उभ्या राहिल्या. त्यांच्या शिस्तीचा, शिक्षकांच्या निष्ठेचा लौकिक आहे. एखादे सूत्र घेऊन त्याभोवती भाषा, गणित, विज्ञान, चित्रकला गुंफण्याची पद्धत आज अशा चांगल्या शाळांच्या प्राथमिक वर्गांतून रूढ होत आहे, आणि तिचे स्वागतच करावयास हवे. 'पाणी' हे सूत्र असेल तर मुले पाण्याची कविता म्हणतात, लिटर-मिलिलिटर मोजतात, जलचक्राचे चित्र काढतात. परंतु मिशनच्या शाळेत आणि या शाळेत दोन अंतरे पडली आहेत. एक माध्यमाचे. उधाण-भांग हे शब्द ज्या आजीच्या तोंडी आहेत, तिला या वर्गात प्रवेशच उरत नाही. आणि तिच्या ज्ञानाबरोबर मुलाचा निम्मा आत्मविश्वासही फाटकाबाहेर राहतो. दुसरे अंतर शुल्काचे.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याने विनाअनुदानित खाजगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी २५ टक्के जागा राखून ठेवल्या. १२ एप्रिल २०१२ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्यातून विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळल्या आणि ६ मे २०१४ च्या प्रमती खटल्यात सर्वच अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही असे ठरविले. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठविण्याची शिफारस केली. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांतील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत, आणि एकंदर अल्पसंख्याक शाळांत वंचित घरांतील मुले ८.७६ टक्केच आहेत. आयोगाच्या हेतूंबद्दल शंका घेता येईल. अल्पसंख्याकांच्या संस्थांवर डोळा ठेवून असलेल्या जातीय शक्तींना असे आकडे हवेच असतात, हेही खरे. म्हणून आपली भूमिका निःसंदिग्ध असावी. घटनेच्या तिसाव्या कलमाने दिलेला हक्क बहुसंख्येच्या दडपणाविरुद्धचे कवच आहे आणि त्याचे रक्षण केलेच पाहिजे. पण ज्या परंपरेने मुक्ताबाईचा निबंध छापला आणि दुष्काळातील मुलीला खिळे जुळवावयास शिकविले, तिच्या वारसांना कायद्याच्या सक्तीची वाट पाहण्याचे कारण काय? शाळेच्या वेशीवरील गावातील मुलांसाठी काही जागा आपण होऊन राखणे, सूत्रपद्धतीने तयार केलेले पाठ शेजारच्या पालिका शाळेतील शिक्षकांपुढे मोकळेपणाने ठेवणे, एवढे तरी त्यांच्या धर्मबुद्धीला आणि इतिहासाला शोभेल.

सगळा भार त्यांच्यावर टाकून सरकारला मात्र सुटता येणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट देण्याची अधिसूचना काढली. ती मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी रद्द केली. ज्या सरकारला गरिबाचे मूल खाजगी शाळेत जाऊ द्यावयाचे नव्हते, त्याने आपल्या शाळेतील वर्ग तरी सुधारला काय? २०२३-२४ मध्ये दुसरी ते आठवीची पुस्तके चार भागांत विभागून प्रत्येक भागात सर्व विषयांचे थोडथोडे धडे घातले गेले आणि मध्ये वहीची कोरी पाने जोडली गेली. कोरी पाने ठेवण्याचा तो निर्णय २०२५ मध्ये मागे घेण्यात आला. दप्तराचे ओझे कमी झाले असेल. पण चार विषय एका पुठ्ठ्यात बांधले म्हणून ते एकमेकांशी जोडले जात नाहीत. ते काम शिक्षकाचे आहे, आणि त्यासाठी शिक्षकाला वेळ हवा, लहान वर्ग हवा, गावाची ओळख हवी. प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक, हे प्रमाण कायद्यात आहे. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांवर लादू नयेत, हेही कायद्यात आहे. शिक्षण कृतीतून, शोधातून आणि शक्यतो मातृभाषेतून व्हावे, हेही त्याच कायद्याच्या २९ व्या कलमात आहे. कायदा पुरेसा आहे. तो वर्गात उतरविणारी लोकशक्ती कमी पडते आहे.

ती लोकशक्ती म्हणजे आपणच. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी कायद्याची तरतूद आहे. किती कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील समितीची बैठक पाहिली आहे? शाळेचा विकास आराखडा करणे हे त्या समितीचे काम आहे. त्या आराखड्यात शौचालय आणि कुंपणभिंत यांबरोबर, गावातील जाणत्या कोळिणीने महिन्यातून एकदा वर्गात येऊन बोलावे, मुलांनी भरतीच्या वेळांची वर्षभर नोंद ठेवावी, जमीन संपादनाच्या काळातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी मुलांनी लिहून काढाव्यात, असे तीन साधे ठराव घालता येतात. त्यांना निधी लागत नाही, शासनाची मंजुरी लागत नाही. अशा वह्या चार गावांत तयार झाल्या, तर त्या ठाणे जिल्ह्याच्या परिसर अभ्यासाला जोड म्हणून शिक्षण विभागापुढे ठेवता येतील. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये समान शाळेची शिफारस केली. ती आजवर अमलात आली नाही. समान शाळा येईल तेव्हा येईल. तोवर समान वर्गाची सुरुवात करता येते, कारण पालिका शाळेतील मूल आणि ख्रिस्ती शाळेतील मूल या दोघांपुढील खाडी एकच आहे.

प्रवेशासाठी आपण लढलो, तसे आता प्रवेशानंतरच्या तासासाठी लढले पाहिजे. करावेच्या मुलाला पाऊणकी येते की नाही, एवढ्यावर आपले समाधान होता कामा नये. पाऊणकी जेथे अपुरी पडते तेथून पुढे जाण्याची वाट शाळा त्याला दाखविते की नाही, आणि जाताना खाडी कोणाची, हा प्रश्न त्याच्या हाती ठेवते की नाही, हे येत्या शैक्षणिक वर्षात प्रत्येक शाखेने आपल्या भागातील शाळेत जाऊन पाहावे.